शीख धर्म समजून घ्यायचा तर सुरुवात कुठून करायची?

नांदेडला बदली झाली तेव्हा शीख धर्माबद्दल मला पगडी, कृपाण, लंगर आणि सुवर्णमंदिर एवढंच माहीत होतं. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर तख्त सचखंड श्री हजूर साहिब, आणि आपल्याला त्यातलं काहीच कळत नाही, याची चुटपुट लागून राहिली. मग मी चुकीच्या टोकाने सुरुवात केली. दहा गुरूंची नावं पाठ केली, सनावळ्या वहीत उतरवल्या, आणि तरीही गुरुद्वाऱ्यात बसल्यावर समोर काय चाललंय याचा पत्ता लागत नव्हता. पुढे गल्लीतल्या ग्यानीजींनी (ग्रंथाचे जाणकार) आणि लंगरात पोळ्या लाटणाऱ्या बायकांनी मला समजावून सांगितलं. चार वर्षांत जे उमगलं, ते ज्या क्रमाने उमगायला हवं होतं त्या क्रमाने इथे मांडते आहे. मी स्वतः शीख नाही. बाहेरून आलेल्या बाईने बाहेरून येणाऱ्यांसाठी लिहिलंय, हे लक्षात ठेवून वाचा.

सोबत काय हवं

- डोकं झाकायला मोठा सुती रुमाल किंवा ओढणी. गुरुद्वाऱ्याच्या दाराशी रुमाल ठेवलेले असतात, पण स्वतःचा असलेला बरा. टोपी घालून आत जाऊ नका.
- जमिनीवर मांडी घालून बसता येईल असे अंगभर कपडे.
- गुरू ग्रंथ साहिबचा देवनागरीतला मजकूर, हिंदी अर्थासह. मोबाइलवर फुकट मिळतो.
- एक वही. ऐकलेले शब्द लगेच टिपले नाहीत तर घरी येईपर्यंत निसटतात.
- यात्री निवासात राहणार असाल तर ओळखपत्र.

यात एक सावधगिरी. उत्साहाच्या भरात संपूर्ण ग्रंथ एका जिल्दीत घरी आणून कपाटात ठेवायचा विचार करू नका. ते पुस्तक नाही, जिवंत गुरू आहे, आणि त्याचं रोजचं उठणं-निजणं सांभाळावं लागतं. अभ्यासासाठी निवडक बाणीची, म्हणजे ग्रंथातल्या वाणीची, छोटी पोथी किंवा मोबाइल पुरेसा आहे. पोथीही जमिनीवर ठेवू नका आणि उष्ट्या हाताने धरू नका.

पायरी १: तीन समज दाराबाहेर ठेवा

पहिला समज, शीख धर्म म्हणजे हिंदू आणि इस्लाम यांचं मिश्रण. शाळेत मीही असंच शिकले होते. दोन्हीकडचे शब्द त्यात आहेत, राम आहे आणि अल्लाहही आहे, पण त्यांना बांधणारी दृष्टी नानकांची स्वतःची आहे. दुसरा समज, ही हिंदूंची लढाऊ शाखा. हे शीख माणसाला ऐकवलंत तर तो बहुधा सभ्यपणे गप्प बसेल, पण तुमच्याशी पुढे मोकळेपणाने बोलणार नाही. त्यांचा ग्रंथ वेगळा, दीक्षा वेगळी, आणि ‘शीख रेहत मर्यादा’ ही १९४५ साली मान्य झालेली आचारसंहिताही वेगळी. तिच्यातली शीखाची व्याख्या स्पष्ट आहे: एक अकाल पुरख (काळाच्या पलीकडचा परमेश्वर), दहा गुरू, गुरू ग्रंथ साहिब, गुरूंची शिकवण आणि दहाव्या गुरूंचं अमृत, म्हणजे त्यांनी दिलेली दीक्षा, यांवर श्रद्धा, आणि दुसऱ्या कुठल्या धर्माशी बांधिलकी नाही.

तिसरा समज, शीख म्हणजे पंजाबी. नांदेडात राहून तो आपोआप गळून पडतो. इथले दखनी शीख पिढ्यान्‌पिढ्या इथलेच आहेत आणि भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करतात.

पायरी २: नानकांपासून सुरुवात करा, तलवारीपासून नको

गुरू नानकांचा जन्म १४६९ साली राय भोई दी तलवंडी या गावी झाला. आज ते ननकाना साहिब म्हणून ओळखलं जातं आणि पाकिस्तानातल्या पंजाबात आहे. वडील मेहता कालू गावचे हिशेबनीस. नानक तरुणपणी सुलतानपूर लोधीला, बहीण नानकीच्या सासरी गेले आणि दौलतखान लोधीच्या मोदीखान्यात, म्हणजे धान्यकोठारात, नोकरीला लागले. माप मोजणारा हा माणूस एका पहाटे काली बेईं नदीत अंघोळीला उतरला आणि तीन दिवस सापडला नाही, असं जन्मसाख्या, म्हणजे नानकांच्या पारंपरिक चरित्रकथा, सांगतात. परतल्यावरचे त्यांचे पहिले शब्द होते, ‘ना को हिंदू, ना को मुसलमान’.

त्यानंतरची बरीच वर्षं ते पायी फिरले. सोबत रबाब वाजवणारा भाई मरदाना, जन्माने मुसलमान. नानक गात आणि मरदाना साथ करी. ही जोडी नीट ध्यानात ठेवा, कारण शीख धर्म प्रवचनातून कमी आणि गाण्यातून जास्त पसरला. आजही गुरुद्वाऱ्यात मुख्य काम कीर्तनाचं असतं. ते कीर्तन आपल्या नारदीय कीर्तनासारखं नाही. त्यात आख्यान नसतं. रागी, म्हणजे गायक, शबद, म्हणजे ग्रंथातली पदं, गातात, मध्ये थोडा अर्थ सांगतात.

शेवटी नानक रावीकाठी करतारपूरला स्थायिक झाले, स्वतः शेती केली, आणि १५३९ मध्ये तिथेच देह ठेवला. मला इथलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांनी संन्यास घेतला नाही. बायको-मुलं, नांगर, गाणं आणि एकत्र जेवण एवढ्यावर त्यांनी आपला पंथ उभा केला. गादी मात्र मुलांना न देता लहणा नावाच्या शिष्याला दिली आणि त्याचं नाव ठेवलं अंगद.

जन्मसाख्यांमध्ये चमत्कारांच्या कथा खूप आहेत. त्या खऱ्या की खोट्या यावर पहिल्याच भेटीत वाद घालू नका. त्या कथा काय सांगू पाहतात ते विचारा, ग्यानीजी तासभर बोलतील.

पायरी ३: दहापैकी आधी पाच गुरू पक्के करा

दहाही गुरू एकदम पाठ करायला गेलात तर गोंधळ होतो. जिथे वळण आलं ते आधी लक्षात घ्या.

नानकांनी पाया घातला. तिसऱ्या गुरूंनी, अमरदासांनी, आधी पंगत आणि मग संगत हा दंडक घातला. भेटायला आलेल्याने आधी सगळ्यांच्या रांगेत जमिनीवर बसून जेवायचं, मग तो कोणीही असो. पाचवे गुरू अर्जन यांनी १६०४ मध्ये आदिग्रंथाचं संकलन पूर्ण करून तो अमृतसरच्या हरिमंदिरात, म्हणजे सुवर्णमंदिरात, ठेवला, आणि १६०६ मध्ये लाहोरला जहांगीराच्या काळात छळ सोसून प्राण दिले. तिथून चित्र बदललं. त्यांचे पुत्र हरगोविंद यांनी मीरी आणि पीरी अशा दोन तलवारी बांधल्या, एक लौकिक सत्तेची आणि एक आध्यात्मिक, आणि हरिमंदिरासमोर अकाल तख्त उभारलं. नववे गुरू तेगबहादूर यांच्याकडे काश्मिरी पंडित गाऱ्हाणं घेऊन आले होते. दुसऱ्याच्या धर्मस्वातंत्र्यासाठी त्यांनी १६७५ मध्ये दिल्लीत शीर दिलं. चांदणी चौकातला सीसगंज गुरुद्वारा त्याच जागी आहे.

दहावे गोविंदसिंग, त्यांच्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलंय. उरलेले गुरू अंगद, रामदास, हरराय आणि हरकिशन हे नंतर वाचा. मराठी माणसाची एक नेहमीची गफलत मात्र आधीच सांगते: चौथे गुरू रामदास म्हणजे समर्थ रामदास नव्हेत. ज्यांनी अमृतसर वसवलं ते हे रामदास.

पायरी ४: ग्रंथ उघडायला शिका

इथे मी सगळ्यात जास्त वेळ वाया घालवला, म्हणून सविस्तर सांगते.

गुरू ग्रंथ साहिबची १४३० पानं आहेत, पण त्यांना पान म्हणत नाहीत, अंग म्हणतात. गुरूचं अंग. मांडणी विषयवार किंवा कालक्रमाने नाही, तर रागांनुसार आहे. ३१ मुख्य राग. त्यामुळे पहिल्या अंगापासून कादंबरीसारखं वाचत सुटलात तर चौथ्या दिवशी थकाल.

दुसरी अडचण नावाची. सहा गुरूंची रचना यात आहे आणि सगळे स्वतःला ‘नानक’ म्हणवतात. मी कितीतरी दिवस सगळंच पहिल्या गुरूंचं समजत होते. कोणाचं काय, हे वर लिहिलेल्या ‘महला’ या शब्दावरून ओळखायचं. महला १ म्हणजे नानक, महला ५ म्हणजे अर्जन, महला ९ म्हणजे तेगबहादूर. दहाव्या गुरूंची रचना या ग्रंथात नाही, ती दसम ग्रंथ या वेगळ्या ग्रंथात आहे.

तिसरी गोष्ट ‘रहाउ’. शबदाच्या मध्ये एका ओळीपुढे हा शब्द दिसतो. ते आपल्या अभंगातलं ध्रुवपद समजा. शबद हातात आला की आधी रहाउची ओळ शोधा, तिचा अर्थ लावा, मग बाकीच्या कडव्यांकडे जा. ही एक युक्ती कळली आणि माझं वाचन बदललं.

चौथी, उच्चाराची. ‘सति नामु’ असं लिहिलेलं असतं, वाचतात मात्र ‘सत नाम’. शेवटचे ऱ्हस्व इकार-उकार बहुतेक वेळा व्याकरणाची खूण असतात, उच्चारात येत नाहीत. देवनागरी लिप्यंतर जसंच्या तसं वाचणारा मराठी माणूस इथे हमखास अडखळतो. जमलं तर ग्रंथाची मूळ लिपी, गुरुमुखीच शिका. देवनागरी येणाऱ्याला दोन-तीन आठवड्यांत जमते. फक्त फसवी अक्षरं सांभाळा: गुरुमुखीतला ‘स’ आपल्या ‘म’सारखा दिसतो आणि ‘ध’ आपल्या ‘प’सारखा.

सुरुवात जपुजी साहिबपासून करा. ग्रंथाच्या सुरुवातीचीच ही रचना. ३८ पौडी, म्हणजे कडवी, आहेत, रोज एक घेतली तरी सव्वा महिन्यात होतात.

पायरी ५: नामदेवांच्या दाराने आत जा

आपल्याला मिळालेली ही मोठी सवलत आहे. गुरू ग्रंथ साहिबमध्ये कबीर, रविदास, शेख फरीद अशा १५ भगतांची वाणी आहे आणि त्यांत आपले नामदेव आहेत, ६१ शबदांसह. गुरूंच्या वाणीसमोर जसं डोकं टेकतात तसंच त्यांच्याही. शिंप्याच्या घरातला आपला नामा पंजाबात भगत नामदेव झाला. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान इथे त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं काढली अशी तिथली परंपरा आहे. २०१५ सालचं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरलं होतं.

‘ईभै बीठलु ऊभै बीठलु’ ही ओळ मी पहिल्यांदा रागींच्या तोंडून ऐकली तेव्हा अंगावर काटा आला. इथेही विठ्ठल, तिथेही विठ्ठल, आणि समोर पगड्या बांधलेली माणसं डोळे मिटून बसलेली. दुसरा शबद ‘हसत खेलत तेरे देहुरे आइआ’. नामदेव हसतखेळत देवळात येतात, जातीवरून त्यांना उठवून बाहेर काढतात, ते घोंगडी उचलून देवळामागे जाऊन बसतात, आणि देऊळ त्यांच्याकडे तोंड करून फिरतं. आपल्याकडे हीच कथा औंढा नागनाथची म्हणून सांगतात. कथा आपण भक्तीचा चमत्कार म्हणून ऐकतो. शबदात मात्र जातीचा सल आधी येतो आणि देऊळ नंतर फिरतं.

आता इथला धोका. ओळखीचं सापडलं की ‘म्हणजे हे आपलंच, वारकरीच की’ असं म्हणून आपण मोकळे होतो. मी ग्यानीजींना हे म्हणाले तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, ‘मग बाई, तुमच्या विठ्ठलाला विटेशिवाय बघता येईल का?’ शीख परंपरेत नामदेवांचा बीठल निर्गुण आहे, सगळीकडे भरलेला, कुठल्याही एका राउळात न मावणारा. मूर्तिपूजा आणि अवतारकल्पना तिथे नाही. जवळीक खरी आहे, आणि हा फरकही खरा आहे. नामदेवांचा हात धरून आत जा, पण आत गेल्यावर घर त्यांचं आहे हे विसरू नका.

पायरी ६: थोडे शब्द, पण नीट

ग्रंथाचं पहिलंच चिन्ह एक हा आकडा आहे. ‘इक ओंकार’. त्यापुढचा मूलमंत्र त्या एकाचं वर्णन करतो: नाव सत्य, कर्ता, निर्भय, निर्वैर, काळाच्या पलीकडचा, जन्माला न येणारा, स्वयंभू, गुरूच्या कृपेने कळणारा. ‘निर्वैर’ या शब्दापाशी थोडं थांबा. ज्यांच्या दोन गुरूंना सत्तेने ठार मारलं त्या लोकांची रोजची सकाळ या शब्दाने सुरू होते.

हउमै म्हणजे ‘मी’पणा. माणूस आणि तो एक यांच्यामधली भिंत. काम, क्रोध, लोभ, मोह, अहंकार हे पाच चोर त्याच्याच आडोशाने येतात. हुकम म्हणजे विश्वाला चालवणारी त्याची आज्ञा. ही भिंत कशी पाडायची, असा प्रश्न जपुजीच्या पहिल्याच पौडीत आहे आणि हुकमानुसार चालून, असं उत्तर. नदर म्हणजे कृपादृष्टी. कर्म आणि पुनर्जन्म शीख धर्म मानतो, पण सुटका कर्माच्या हिशेबाने होत नाही, नदरेने होते.

आचरणाची सूत्रं तीन: नाम जपणं, किरत करणं म्हणजे कष्टाने आणि प्रामाणिकपणे कमावणं, आणि वंड छकणं म्हणजे वाटून खाणं. कबीरांच्या श्लोकांत नामदेव आणि त्रिलोचन यांचा एक संवाद आहे. कापड छापत काय बसलास, रामात चित्त का नाही, असं त्रिलोचन विचारतो. नामा सांगतो, हातपाय कामात असू देत, चित्त निरंजनापाशी ठेव. सावता माळ्यांच्या महाराष्ट्राला हे वेगळं समजवावं लागू नये.

जातीबद्दल प्रामाणिकपणे लिहायला हवं. शिकवणीत जातीला जागा नाही, लंगराची पंगत त्याचसाठी आहे. समाजातून मात्र ती पुरती गेलेली नाही. पंजाबातल्या काही गावांत जातवार गुरुद्वारे आहेत. माझ्या ओळखीचे शीख हे लपवत नाहीत, खंतावतात.

पायरी ७: खालसा आणि पाच ककार

१६९९ ची बैसाखी, आनंदपूर साहिब. गोविंदसिंगांनी भर सभेत शीर मागितलं आणि एकामागून एक पाच जण उठले. लाहोरचे दयासिंग, हस्तिनापूरचे धरमसिंग, जगन्नाथपुरीचे हिम्मतसिंग, द्वारकेचे मोहकमसिंग आणि आपल्या शेजारच्या बीदरचे साहिबसिंग. वेगवेगळ्या जातींचे, वेगवेगळ्या मुलखांतले. हे पंज प्यारे, म्हणजे पाच लाडके. अमृत घेतलेल्या शिखांचा पंथ, खालसा, इथून सुरू झाला. त्यांना खंड्याने, म्हणजे दुधारी तलवारीने, ढवळलेलं अमृत पाजून गुरूंनी मग त्यांच्याच हातून स्वतः अमृत घेतलं. गुरू शिष्याचा शिष्य झाला, आणि ही गोष्ट मला तलवारीपेक्षा मोठी वाटते.

अमृत घेतलेला शीख केस, कंगवा, कडं, कछैरा (गुडघ्यापर्यंतची आतली चड्डी) आणि कृपाण हे पाच ककार धारण करतो. तंबाखू त्याला वर्ज्य आहे. प्रत्येक शीख अमृतधारी नसतो. केस राखणारे पण अमृत न घेतलेले आहेत, केस न राखणारे सहजधारीही आहेत. ‘तुम्ही पगडी का नाही बांधत?’ असं कोणाला विचारू नका. पगडीला किंवा कृपाणीला हात लावायचा नाही, कौतुकानेसुद्धा नाही. आणि सरदारांवरचे विनोद आजपासून बंद. ऐकणारा हसला तरी त्याला ते लागतात. मला हे एका मैत्रिणीने तोंडावर सांगितलं.

पायरी ८: गुरुद्वाऱ्यात पहिला दिवस

1. चप्पल जोडाघरात द्या. हात धुवा, पाण्याच्या चरातून पाय धुऊन पुढे जा, डोकं झाका. खिशात तंबाखू-सिगारेट असेल तर परिसरात आणूच नका.
2. दरबारात समोर पालखीत ग्रंथ असतो, मागे सेवादार चौर (चवरी) ढाळत असतो. मत्था टेका. गोलकीत, म्हणजे दानपेटीत, पैसे टाकायचे तर टाका, सक्ती नाही.
3. ग्रंथाकडे पाय किंवा पाठ करून बसू नका. पाय दुखत असतील तर भिंतीकडेला बसण्याची सोय असते का ते विचारा.
4. अरदास, म्हणजे प्रार्थना, सुरू झाली की सगळे उभे राहतात, तुम्हीही राहा. ती ‘सरबत दा भला’ या शब्दांनी संपते. सर्वांचं भलं.
5. मग ग्रंथ सहज उघडून जो शबद समोर येईल तो वाचतात. तो त्या दिवसाचा हुकमनामा.
6. कडाह प्रशाद (शिऱ्यासारखा प्रसाद) दोन्ही हातांची ओंजळ करून घ्या. साखर चालत नसेल तर ‘थोडासा’ म्हणा, नाही म्हणू नका.
7. लंगरात रांगेत बसा. पोळीला तिथे प्रशादा म्हणतात, तीही दोन्ही हात पसरून घ्यायची. हवं तेवढंच घ्या. मी पहिल्याच दिवशी संकोचाने नको म्हणायचं टाळलं आणि ताटात अन्न उरलं. शेजारच्या म्हाताऱ्या बीबीजींनी काही न बोलता त्याकडे पाहिलं, ते मला अजून आठवतं.

अभिवादन ‘सत श्री अकाल’. खालशाचं अभिवादन ‘वाहेगुरूजी का खालसा, वाहेगुरूजी की फतेह’.

पायरी ९: नांदेडला या, पण एवढ्यावरून सगळं ठरवू नका

सरहिंदच्या भिंतीत चिणलेले दोन धाकटे, चमकौरला लढून पडलेले दोन थोरले, असे चारही मुलगे गमावल्यानंतर गोविंदसिंग दक्षिणेत आले. गोदावरीकाठी माधोदास नावाच्या बैराग्याची मठी होती. तो त्यांचा शिष्य झाला आणि बंदासिंग म्हणून पंजाबात लढायला गेला. १७०८ मध्ये नांदेडलाच गुरूंवर हल्ला झाला, आणि देह ठेवण्याआधी त्यांनी सांगितलं की यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू. म्हणजे आज जगभरच्या प्रत्येक गुरुद्वाऱ्यात ग्रंथासमोर जे डोकं टेकलं जातं, त्या प्रथेचं मूळ आपल्या मराठवाड्यात आहे. आपण मराठी लोकच हे फारसं सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

हजूर साहिबची सध्याची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ च्या दरम्यान बांधवली. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे धर्मपीठांपैकी, हे एक. इथली रीत पंजाबपेक्षा निराळी आहे: गोदावरीचं पाणी घागरीतून आणून केलं जाणारं स्नान, संध्याकाळची दिव्यांची आरती, गुरूंच्या शस्त्रांचं दर्शन, शेजारी दसम ग्रंथाचंही आसन. फक्त नांदेड पाहून ‘शीखही आरती करतात’ असा निष्कर्ष काढलात तर अमृतसरला गोंधळाल. तिथे आरती म्हणजे नानकांचा शबद, ज्यात आकाशाचं ताट आहे, चंद्र-सूर्य दिवे आहेत आणि तारे मोती. ताट फिरवायचं नाही, नुसतं गायचं.

बंदा घाट, नगीना घाट, माल टेकडी, माता साहिब हे गुरुद्वारे एका दिवसात होतात. पण घाई नसेल तर पहाटेच्या कीर्तनाला जा आणि नंतर लंगरच्या स्वयंपाकघरात शिरून ‘काही सेवा आहे का?’ एवढं विचारा. हातात लसूण नाहीतर मटार येतील. शेजारी बसलेल्या माणसाला तुमचे प्रश्न तिथे विचारा. दरबारात मान खाली घालून बसलेली माणसं तिथे भरभरून बोलतात, आणि बऱ्याचदा मराठीत.